आधी तुम्ही

वाईट वागून माणूस छळतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण निव्वळ चांगलं वागून एका कुटुंबाला सलग तीन महिने रडकुंडीला आणण्याची विद्या मी आयुष्यात एकाच माणसापाशी पाहिली, आणि तो माणूस बेल्जियमहून आठ दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आला होता. आजही कुणी दारात थबकून मला "आधी तुम्ही" म्हणालं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. समोरचा बिचारा सभ्यपणाने बाजूला झालेला असतो आणि मी त्याच्याकडे असा बघतो, जणू त्याने माझ्या पायावर पाय दिलाय.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. वरळीची चाळ सोडून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये वन रूम किचन घेतलं होतं. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो आणि रविवारी भाईंदरच्या एका कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचो. हा कव्वालीतला बेंजो म्हणजे तारांची एक लांबट पेटी असते आणि तिला टाइपरायटरसारखी बटणं असतात; त्यामुळे आठवडाभर साहेबांची पत्रं बडवणारी बोटं रविवारीही फारशी बिचकत नसत. माझा मेव्हणा बोटीवर नोकरीला. त्याने कुठल्याशा बंदरात या गृहस्थासमोर बढाई मारली असणार, की आमचे दाजी कव्वाल आहेत. गृहस्थ सूफी गाण्याचा अभ्यासक निघाला. मोठमोठ्या दर्ग्यांमधले नावाजलेले गवई सोडून त्याला 'ज्यांना कुणी ओळखत नाही असे' गाणारे हवे होते. तसे आम्ही होतोच. "आठ दिवस राहील, साधा माणूस आहे," हे मेव्हण्याचं पत्र आणि तो साधा माणूस एकाच दिवशी दारात आले. त्याने पोस्टमनला आधी आत जायला लावलं. आमचा पोस्टमन नोकरीत पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरात बसून पाणी प्यायला असेल.

सहा फूट उंच, डोक्यावर गवताच्या रंगाचे केस, हातात कायम वही, आणि तोंडात कुठल्याशा विद्यापीठात शिकलेली हिंदी. त्या हिंदीला आमच्या बिल्डिंगमध्ये उत्तर द्यायची कुणाची छाती होत नसे. रिक्षावाल्याला तो "कृपया प्रस्थान कीजिए" म्हणायचा आणि रिक्षावाला माझ्याकडे बघायचा. त्याचं एकच तत्त्व होतं: कुठलीही गोष्ट दुसऱ्याच्या आधी करायची नाही. आईने शिकवलं होतं की पुस्तकात वाचलं होतं, देव जाणे. पहिल्या दिवशी सुमन, म्हणजे माझी बायको, गरम भाकरी त्याच्या ताटात टाकून म्हणाली, "भाऊ, आधी तुम्ही जेवा, मग मी बसते." हे त्याने ऐकलं पुरं आणि घेतलं अर्धं. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, "आधी तुम्ही." सुमन हसली. त्याला वाटलं, उच्चार बरोबर आलाय. तेव्हापासून तीन महिने ती बाई जेवायला बसल्याशिवाय याने घास उचलला नाही. आता भाकरी तव्यावर फुगलेली आणि भाकरी करणारी ताटावर बसलेली, हे जमायचं कसं? रस्सा निवायचा, भाकरी वातड व्हायची, मी भुकेने व्याकूळ होऊन दोघांकडे आळीपाळीने बघायचो. शेवटी सुमननेच तोडगा काढला. रिकामं ताट घेऊन ती त्याच्यासमोर बसायची, हवेतला एक घास तोंडात घालायची आणि लगेच उठून तव्याकडे पळायची. "अहो, माझ्या सासूने माझ्याकडून एवढी नाटकं करून घेतली नाहीत," असं ती मला म्हणायची, आणि ते खरं होतं.

पाण्याचं तर विचारू नका. त्या वेळी आमच्याकडे टँकर आला की माणसाचं मूळ रूप दिसायचं. बायका पदर खोचून धावायच्या, शेजारचे मास्तर हंडा डोक्यावर घेऊन बनियनवर उतरायचे. पाहुणा घरकामात मदत करायची म्हणून हट्टाने बालदी घेऊन जायचा, नळीपाशी सगळ्यांत पहिला पोचायचा आणि मग येईल त्याला वाट करून द्यायचा. एकेकाला. वाकून. टँकर रिकामा झाला की याच्या बालदीत पाण्याऐवजी त्याची वही असायची आणि वहीत टँकरवाल्याचं गाव, मुलं, आवडता सण असं सगळं उतरवलेलं असायचं. मास्तर जिन्यातूनच ओरडायचे, "भाईसाब, आपका अंग्रेज फिर खाली बालटी लेके आया!" तो बेल्जियमचा आहे हे सांगून मी थकलो होतो. एकदा खाडी बघायला म्हणून तो एकटाच वरसाव्याला गेला आणि दुपारपर्यंत आला नाही म्हणून मी शोधायला निघालो, तर हा घोडबंदर रोडच्या कडेला उन्हात लालबुंद होऊन उभा. रस्ता ओलांडायचा होता. पण ट्रक येतच होते, आणि ट्रक आधी आले होते.

हे सगळं मी सहन करत होतो, कारण रविवार चाचांचा होता आणि चाचांना हा माणूस का कोण जाणे आवडला होता.

चाचा म्हणजे आमच्या पार्टीचे मुख्य गाणारे. भाईंदरला त्यांचं गादी-रजईचं दुकान होतं. मूळचे परभणीकडचे, माझ्या वडिलांच्या गावचे. तरुणपणी दोघं एकाच पार्टीत होते. भीमजयंतीला आणि उर्साला गावात तीच पार्टी गायची, फक्त शब्द बदलायचे. वडील गेल्यावर त्यांच्या जागी बसायला चाचांनी मला बोलावलं होतं. मी दुकानात शिरलो की ते कापसाच्या ढिगाऱ्यामागून "जयभीम, बेटा" म्हणायचे, मी "सलाम, चाचा" म्हणायचो, आणि मैफल सुरू व्हायची. खरी मैफल गुरुवारची, जुमेरातची. पण आम्ही सगळे नोकरदार, गुरुवारी कोण सुट्टी देणार? म्हणून ती रविवारी दुपारी चारला आणलेली होती, आणि नाव मात्र जुमेरातच होतं. पाहुण्याला हे अजिबात पटेना. पुस्तकात गुरुवार होता. तीन रविवार त्याने हाच प्रश्न विचारला. शेवटी चाचा म्हणाले, "हे बघ बेटा, ज्या दिवशी सगळे येतात तो दिवस जुमेरात. वार कॅलेंडरवाले ठरवतात, जुमेरात आपण." ते त्याने वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुकान गाद्यांचं, त्यामुळे आमच्यासारखी ऐसपैस बैठक जगात कुठल्या गाणाऱ्यांना नसेल. पण पाहुणा गादीवर बसायचा नाही. अदब म्हणून तो उघड्या फरशीवर, गुडघे मोडून, पायांवर बसायचा. चाचा कळवळायचे. "अरे, ह्याला कुणी तरी गादी द्या रे. नक्को म्हणतो काय? गादीवाल्याच्या घरी गादी नक्को?" पण ऐकेल तर तो पाहुणा कसला. वर प्रत्येक चीज सुरू व्हायच्या आधी हात वर करून "एक मिनिट!" ओरडायचा आणि टेपमध्ये कॅसेट घालायचा. आमचा ढोलकवाला पास्कू, तारोडीचा कोळी, दर रविवारी चर्चचा मिस्सा आटोपून, जेवून यायचा. तो ढोलकवर हात आपटायच्या बेतात असायचा आणि याचं एक मिनिट यायचं. "याच्या एका मिनिटात आमची होडी उत्तनला जाऊन येल," असं पास्कू म्हणायचा.

एकदा पाहुण्याने कव्वालीतल्या 'हाल'बद्दल विचारलं. चाचांनी नीट समजावून सांगितलं. ऐकणाऱ्याला एखादी ओळ लागली, तो भान हरपून उभा राहिला, की सगळ्या मैफलीने उभं राहायचं. आणि गाणाऱ्याने ती ओळ सोडायची नाही. तो माणूस भानावर येऊन खाली बसेपर्यंत तीच ओळ, पुन्हा पुन्हा. मध्येच तोडली तर त्याच्या जिवाला धोका. पाहुण्याने विचारलं, इथे कुणाला येतो का हाल? चाचा हसले. "अकरा वर्षांत एकाला पण नाही आला. गादीवर बसतात, झोप येते."

आणि मग चाचांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी मंगळवारचं ऑपरेशन ठरवलं. गाठ निघेल, आवाजाचं सांगता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. म्हणजे मधला रविवार हा शेवटचाही असू शकत होता. चाचा फक्त म्हणाले, या जुमेरातीला नवीन चीज गाणार, स्वतः बांधलेली. आठ दिवस ते कापूस भरताना गुणगुणत होते. मी सुमनला सांगून ठेवलं होतं, की जग इकडचं तिकडे झालं तरी मला त्या दिवशी घरातलं काम सांगायचं नाही. पाहुण्यालाही बजावलं होतं, की आज गडबड नको. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली होती.

त्या रविवारी दुकान भरलं. जुन्या चार-पाच चिजा झाल्या. चाचांचा आवाज जड होता, पण लागला होता. मग त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि म्हणाले, "आता नवीन. पहिली ओळ ऐका. दुसरी मी अजून घरात पण कुणाला सांगितली नाही." पास्कूने हात उचलला. "एक मिनिट!" पाहुण्याने कोरी कॅसेट घातली, नव्वद मिनिटांची. आणि चाचांनी आमच्या मराठवाड्याच्या दखनीत सुरू केलं:

"चूल्हा नक्को बुझा गे माँ, पावना रस्ते में है."

एवढी साधी ओळ! कुणी तरी यायचंय, म्हणून आईला चूल विझवू नको म्हणणारं लेकरू. चाचांनी ती तीनदा म्हटली, टाळ्या देणाऱ्यांनी उचलली, आता दुसरी येणार म्हणून मी बेंजोवर बोटं सावरली, आणि तेवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला पाहुणा दिसला. चेहरा पिळवटलेला. डोळे मिटलेले. दीड तास फरशीवर पाय मोडून बसलेला तो माणूस एका झटक्यात ताडकन उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि त्याच्या गालावरून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

कुणी तरी कुजबुजलं, "हाल!" पुढे बसलेले एक म्हातारे छातीवर हात ठेवून उठले आणि त्यांच्या मागून सगळं दुकान उभं राहिलं.

मला मात्र तो चेहरा चांगला ओळखीचा होता. आमच्या घरी जेवण लांबलं की रोज दिसायचा. त्याच्या पोटरीत गोळा आला होता! पण हे मी ओरडून कसं सांगणार? आणि समजा माझं चुकलं असलं तर? ओळ तुटली आणि याला काही झालं तर? मी मुकाट्याने वाजवत राहिलो. पाच मिनिटांत त्याचा गोळा गेला असणार, कारण त्याने डोळे उघडले. बघतो तर सगळे उभे. आता हा माणूस आपल्या पुस्तकाला जागला. मैफल उभी असताना आपण आधी बसायचं नाही! तो बसेना म्हणून आम्ही बसेना, आम्ही बसेना म्हणून तो बसेना. आणि चाचा तीच ओळ गातायत. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मी डोळे वटारले, मानेने खूण केली, दात खाल्ले. त्याने मला अतिशय अदबीने मान लववली. पास्कू मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "यो काय बसाचा न्हाय. माजं हात मोडलं."

चाचा थांबायला तयार नव्हते. ती एक ओळ त्यांनी किती तऱ्हांनी म्हटली! कधी आईची समजूत घातल्यासारखी, कधी हट्टाने, कधी पावना अगदी उंबऱ्याशी आल्यासारखी, कधी तो येणारच नाही हे कळल्यासारखी. अर्ध्या तासाने आवाज फाटला. तरी ते गात होते, घोगऱ्या आवाजात. मला रडू येत होतं, आणि खरं सांगतो, गाण्यापेक्षा जास्त संतापाने येत होतं. मंगळवारी ज्या गळ्यावर सुरी चालणार, तो गळा हा माणूस एका पोटरीपायी खरवडून काढत होता.

आणि मग टेप खट् करून थांबला. कॅसेटची एक बाजू संपली होती. पाहुणा सवयीने "एक मिनिट!" म्हणाला आणि कॅसेट उलटायला खाली बसला. तो बसला तसे सगळे बसले. पास्कूचे हात मांडीवर पडले. तेवढ्यात संध्याकाळची, मगरिबची अजान झाली. चाचांनी गळ्याला मफलर गुंडाळला, पाहुण्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खुणेनेच सांगितलं, संपलं. दुसरी ओळ राहिली ती राहिलीच.

घरी येताना त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं, की पाय आखडला होता, आणि मग सगळे उभे राहिले, ते का उभे राहिले हे त्याला जरा समजावून सांगाल का? मी समजावून सांगितलं. इतकं समजावून, की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. त्या दिवशी त्याने वहीत काहीच लिहिलं नाही. चाचांना मात्र मी हे सांगितलं नाही. एवढं गायले, ते एका पोटरीसाठी, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. पुढच्या पंधरवड्यात पाहुणाही आपल्या गावी गेला. मला वाटलं, जीव भांड्यात पडेल. पण राग गेला नाही. जेवताना सुमन रिकामं ताट मांडायची सवय मोडत नव्हती, आणि ते ताट दिसलं की मला दुसरी ओळ आठवायची.

सहा-सात महिन्यांनी टपालाने ती कॅसेट आली. सोबत चिठ्ठी: माझ्याकडे चाचांच्या बाकीच्या सगळ्या कॅसेट आहेत, त्याही पाठवीन, पण ही आधी. मी ती दुकानात नेली. पास्कूलाही बोलावलं. गाद्यांवर बसून आम्ही तिघांनी पंचेचाळीस मिनिटं ती एक ओळ ऐकली. चाचा डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. टेप खट् करून थांबला, आणि मला राहवलं नाही. "चाचा, आता तरी ती दुसरी ओळ लिहून द्या."

चाचा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. आवाज गेल्यापासून जवळ पाटी ठेवायचे. त्यांनी लिहिलं, "नव्हतीच."

मला समजेना. त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "आठ दिवस बसलो. नाही सुचली. म्हटलं गाता गाता सुचेल." पुसलं. "नाही सुचली. घाम फुटला." पुसलं. "तेवढ्यात हा उभा राहिला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, त्याला हाल नव्हता आला हो! पाय आखडला होता त्याचा."

चाचा हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. डोळे पुसून त्यांनी पाटीवर लिहिलं, "पोटरी चोळताना मी बघितला. तू बघायच्या आधी."

शेवटच्या दिवशी गाणं संपवायची ज्याची तयारी नव्हती, त्याला न संपवण्याचं निमित्त मिळालं होतं, आणि ते निमित्त उभं राहून राहून घामाघूम झालं होतं. आणि मी त्यालाच सहा महिने शिव्या घालत होतो.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे लिहायला बसलो तेव्हा मला एक वेगळीच गोष्ट आठवत राहिली. पाहुणा जायच्या दिवशी चाचांचा निरोप घ्यायला आम्ही दुकानात गेलो होतो. चाचांच्या गळ्याला पट्टी होती. ते त्याला पोचवायला दारापर्यंत आले आणि त्याने आधी बाहेर पडावं म्हणून हात केला. तो म्हणाला, "आधी तुम्ही." चाचांनी मान हलवून पुन्हा हात केला. त्याने पुन्हा मान लववली. दोघं त्या अरुंद दारात, एकमेकांकडे बघत, हसत, नुसते उभे. बाहेर टॅक्सी थांबलेली, विमानाची वेळ होत आलेली, आणि माझं डोकं फिरलं. "अहो, निघा आता कुणी तरी!" असं मी जोरात खेकसलो, आणि पाहुणा दचकून बाहेर पडला.

मी खेकसलो नसतो, तर ते दोघं अजून थोडा वेळ तिथे उभे राहिले असते.